दृष्टिहीनांना वापरता येईल असे मराठी संकेतस्थळ: नवख्यांसाठी मार्गदर्शक

वाचनालय, शाळा, पतसंस्था किंवा साहित्य मंडळ यांचे संकेतस्थळ सांभाळण्याचे काम बहुधा अशा माणसाकडे येते, ज्याला संगणकातले इतरांपेक्षा थोडे अधिक कळते असा बाकीच्यांचा समज असतो. आपल्याकडे ते काम असेल आणि ‘तुमचे संकेतस्थळ आम्हाला वापरताच येत नाही’ असे एखाद्या दृष्टिहीन सभासदाने कळवले असेल, तर पुढील मजकूर आपल्यासाठी आहे. एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळावर हे काम करताना मला इंग्रजीत भरपूर माहिती मिळाली. परंतु जुने फॉन्ट, मराठी आवाज आणि देवनागरी पीडीएफ हे जे प्रश्न प्रत्यक्षात सर्वाधिक वेळ खातात, त्यांविषयी एका ठिकाणी फारसे काही सापडले नाही. म्हणून येथे त्यांना जास्त जागा दिली आहे.

सर्व पायऱ्यांमागचे सूत्र एकच आहे. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीच्या साहाय्याने संकेतस्थळ ऐकते, आणि स्क्रीन रीडरला पान दिसत नाही. त्याला पानामागचा कोड मिळतो. मोठी ठळक ओळ म्हणजे शीर्षक, चौकटीच्या डावीकडचा शब्द म्हणजे त्या चौकटीचे नाव, लाल रंग म्हणजे चूक, हे सारे आपण पाहून ओळखतो. जे जे आपण पाहून ओळखतो ते ते कोडमध्ये सांगितलेले असले पाहिजे.

१. कामाला बसण्यापूर्वी

पुढील साधने जमवावीत. त्यांतील जवळजवळ सर्व विनामूल्य आहेत.

- विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेला हा प्रकल्प विनामूल्य असून त्यातील ईस्पीक या वाचक-आवाजात मराठीही आहे.
- अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक, आणि आयफोन मिळाला तर त्यातील व्हॉइसओव्हर. दोन्ही फोनमध्ये आधीपासूनच असतात.
- ब्राउझरमध्ये जोडता येणारी वेव्ह किंवा ॲक्स ही तपासणी-साधने. क्रोममधील लाइटहाउस वेगळे घ्यावे लागत नाही.
- रंगांतील तफावत (कॉन्ट्रास्ट) मोजणारे कोणतेही साधन.
- संकेतस्थळाच्या व्यवस्थापक खात्याचा प्रवेश, आणि ज्याने ते बनवले त्याच्याशी झालेल्या कराराची प्रत. बदल करण्याचा खर्च कोणाचा, हा प्रश्न अर्ध्या वाटेवर उपस्थित झाला की काम थांबते.
- संकेतस्थळावरील सर्व पीडीएफ फाइलींची यादी आणि शक्य असल्यास त्यांच्या मूळ फाइली. ही यादी आजच सुरू करावी, कारण मूळ फाइली शोधण्यातच बरेच दिवस जातात.

२. नियम किती वाचावेत

जगभर मान्य असलेले मानक म्हणजे वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स. त्याची २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाली. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए असे तीन स्तर आहेत. आपले लक्ष्य डबल ए ठेवावे, म्हणजे एकूण ५५ निकष पूर्ण करावे लागतात. पहिल्याच दिवशी ते सर्व वाचायला घेऊ नयेत. चार-पाच निकषांनंतर उत्साह मावळतो, आणि संकेतस्थळ ऐकण्याआधी ते नीट समजतही नाहीत.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम ४२ माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या सुगमतेविषयी, म्हणजे ते दिव्यांगांना वापरता येण्याविषयी आहे, तर कलम ४६ सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवादात्यांना लागू होते. शासकीय संकेतस्थळांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती प्रथम २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही याच विषयाचे आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. कार्यकारिणीत ‘आपल्याला हे करायलाच हवे का?’ असा प्रश्न आला, तर एवढी माहिती पुरेशी ठरावी.

३. आधी आपले संकेतस्थळ ऐका

एनव्हीडीए सुरू करण्यापूर्वी ते बंद कसे करायचे हे शिकून घ्यावे: इन्सर्ट आणि क्यू या कळा एकत्र दाबाव्यात. बोलणे मध्येच थांबवायचे असेल तर कंट्रोल दाबावे. आता मुखपृष्ठ उघडून इन्सर्ट आणि खालचा बाण दाबा, आणि पडद्याकडे पाठ करून ऐका. नवख्यांना हा आवाज प्रारंभी उमगत नाही, म्हणून एनव्हीडीएच्या टूल्स यादीतील ‘स्पीच व्ह्यूअर’ चालू करावा. जे बोलले जाते ते त्यात अक्षरांतही दिसते.

तथापि अनुभवी दृष्टिहीन व्यक्ती पान असे सलग ऐकत बसत नाही. ती एच दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर जाते, के दाबून दुव्यावर, एफ दाबून अर्जाच्या चौकटीवर, टी दाबून तक्त्यावर आणि बी दाबून बटणावर. इन्सर्ट आणि एफ७ दाबल्यास पानावरील सर्व दुव्यांची किंवा शीर्षकांची यादी उघडते. या कळांनी दहा मिनिटे फिरून पाहिले की आपल्या संकेतस्थळाची स्थिती कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट कळते.

फोनवरील टॉकबॅकबाबत सावध राहावे. ते चालू होताच बोटांच्या सर्व सवयी बदलतात: एकदा टेकवल्यास ती गोष्ट फक्त वाचली जाते, ती उघडण्यासाठी दोनदा टेकवावे लागते, आणि पान सरकवण्यासाठी दोन बोटे लागतात. हे ठाऊक नसल्याने फोन बिघडला असे समजून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

४. मजकूर खरोखर मजकूर आहे का, हे तपासा

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, असे माझे मत आहे. पानावरील किंवा पीडीएफमधील एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तीन शक्यता संभवतात.

पहिली, ओळ जशीच्या तशी उमटते. मग तो युनिकोड मजकूर आहे, म्हणजे प्रत्येक अक्षर सर्व संगणकांना ओळखता येणाऱ्या समान संकेतात साठवलेले आहे, आणि चिंता नाही.

दुसरी, देवनागरीऐवजी रोमन अक्षरे व विचित्र चिन्हे यांची खिचडी उमटते. याचा अर्थ मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. अशा फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरे रोमन असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीची चित्रे दाखवतो. डोळ्यांना मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर ती रोमन खिचडी वाचतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी परिवर्तके उपलब्ध आहेत. त्यांचे काम मात्र पूर्णपणे विश्वासार्ह नसते: ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाणे, रफार सरकणे, ‘ऱ्य’ तुटणे आणि जोडाक्षरे फुटणे या चुका हमखास होतात. परिवर्तनानंतर मजकूर कोणीतरी शब्दशः वाचून पाहिलाच पाहिजे.

तिसरी शक्यता म्हणजे ओळ निवडताच येत नाही. ते स्कॅन केलेले चित्र आहे. त्यातून अक्षरे ओळखणारी प्रणाली वापरून मजकूर काढता येतो. टेसरॅक्ट या विनामूल्य प्रणालीला मराठी येते. ठळक छपाई असेल तर निष्पत्ती चांगली मिळते, झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून स्कॅन केले असेल तर हाताने टंकणे लवकर होते.

येथे एक सापळा आहे. युनिकोडमध्ये टंकलेल्या फाइलीपासून बनवलेला पीडीएफही नेहमी शुद्ध वाचला जात नाही, कारण देवनागरीतील काना-मात्रा पीडीएफमध्ये कधी कधी उलटसुलट क्रमाने साठवल्या जातात. दिसायला निर्दोष असलेला असा पीडीएफ नोटपॅडमध्ये पेस्ट केला की लगेच उघडा पडतो. यावर माझा उपाय साधा आहे: संस्थेची घटना, नियमावली, वर्गणीचे दर आणि सूचना साध्या पानावर मजकूर म्हणून द्याव्यात आणि पीडीएफ केवळ छापून घेणाऱ्यांसाठी जोडावा. जुन्या शेकडो फाइली एका दमात दुरुस्त होत नाहीत. ज्या सर्वाधिक उघडल्या जातात त्या आधी घ्याव्यात आणि उरलेल्यांसाठी ‘मागणी केल्यास वाचता येण्याजोगी प्रत मिळेल’ असे लिहून ती खरोखर द्यावी.

मजकूर युनिकोड झाल्यानंतरही आपल्या लेखनाच्या काही सवयी आड येतात. ‘जा ही र  सू च ना’ अशी मोकळी अक्षरे सुटी-सुटी वाचली जातात. शोभेसाठी ओळीने मांडलेल्या चांदण्या आणि चौकोन स्क्रीन रीडर एकेक करून नावानिशी सांगू शकतो. ‘स. ९-१२, सायं. ५-८’ याऐवजी ‘सकाळी ९ ते १२ आणि सायंकाळी ५ ते ८’ असे लिहावे, ‘ता.’, ‘जि.’, ‘वि. सू.’ ही संक्षिप्त रूपे पूर्ण लिहावीत. विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकू नये, कारण ‘स्वत:’ आणि ‘स्वतः’ हे दिसायला सारखे असले तरी संगणकाच्या दृष्टीने वेगळे आहेत. ‘ॲ’ हे अक्षरही दोन प्रकारे टंकता येते, आणि एका प्रकाराने टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधल्यास सापडत नाही. पानात शब्द शोधून तेथे उडी मारणे हा दृष्टिहीन वाचकाचा नित्याचा मार्ग असल्यामुळे ही बाब दिसते तितकी किरकोळ नाही.

५. पानाची भाषा मराठी असल्याचे सांगा

प्रत्येक पानाच्या एचटीएमएल कोडच्या अगदी वरच्या टॅगमध्ये (कोडमधील कोनी कंसातल्या खुणेत) ‘लँग’ नावाचा गुणधर्म असतो. मराठीसाठी त्याची किंमत ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरे आहे. अनेक मराठी संकेतस्थळांवर तेथे इंग्रजीची खूण तशीच राहिलेली असते, कारण विकत घेतलेला साचा इंग्रजी होता. त्यामुळे स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज निवडतो, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी पूर्णपणे गाळून पानावरचे तुरळक आकडे तेवढे वाचतात. हिंदीची खूण असेल तर मजकूर वाचला जातो, पण ‘चाक’ आणि ‘झाड’ यांचे उच्चार हिंदी वळणाचे होतात.

वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर हा बदल सेटिंग्जच्या जनरल विभागात साइटची भाषा मराठी निवडल्याने होतो. पानात एखादा सबंध इंग्रजी परिच्छेद असेल तर त्याला इंग्रजीची खूण द्यावी. मात्र मराठीत रुळलेल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला वेगळी खूण देत बसू नये. वाक्यात दर तीन शब्दांनी आवाज बदलला तर ऐकणारा वैतागतो.

६. शीर्षके आणि दुवे

ओळ ठळक व मोठी केल्याने शीर्षक होत नाही. मजकूर लिहिण्याच्या एडिटरमधील ‘हेडिंग’ हा पर्याय वापरावा लागतो. पानाचे मुख्य शीर्षक पहिल्या पातळीचे, विभागांची दुसऱ्या, उपविभागांची तिसऱ्या, आणि मधली पातळी गाळू नये. अक्षरे लहान हवीत म्हणून चौथ्या पातळीचे शीर्षक निवडणे ही नेहमीची चूक आहे. आकार हा सजावटीचा विषय आहे, तो वेगळा बदलता येतो.

दुव्यांची यादी उघडल्यावर ‘अधिक वाचा’, ‘अधिक वाचा’, ‘येथे क्लिक करा’ एवढेच ऐकू येत असेल तर त्या यादीचा उपयोग शून्य. ‘बालविभागाची वेळ’, ‘सभासदत्वाचा अर्ज, पीडीएफ, २ एमबी’ असे दुवे त्या वाक्याबाहेरही समजतात. पानाच्या सर्वांत वर ‘थेट मुख्य मजकुराकडे जा’ असा दुवा असावा, अन्यथा प्रत्येक पानावर तोच मेनू पुन्हा ऐकावा लागतो.

७. चित्रे आणि सूचना-फलक

प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर देण्याची सोय असते. तो देताना चित्र तेथे कशासाठी आहे याचा विचार करावा. ‘छायाचित्र’ हा शब्द लिहू नये, ते चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. वाचनालयाच्या इमारतीचे चित्र पत्ता सांगणाऱ्या पानावर असेल तर ‘प्रवेशद्वार मुख्य रस्त्यावर, तीन पायऱ्या, उजवीकडे उतार’ असे लिहिणे उपयोगी. तेच चित्र मुखपृष्ठावर नुसती शोभा म्हणून असेल तर पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो. रिकामा ठेवणे आणि तो गुणधर्मच न देणे यांत फरक आहे. गुणधर्म नसेल तर काही वेळा फाइलचे नाव वाचले जाते, आणि कॅमेऱ्याने दिलेले अक्षर-आकड्यांचे नाव ऐकून कोणाला काय बोध होणार?

आपल्याकडची मोठी अडचण वेगळीच आहे. व्याख्यानाची, शिबिराची, वार्षिक सभेची सूचना हल्ली रंगीत चित्र म्हणून तयार होते, व्हॉट्सॲपवर फिरते आणि तीच जेपीजी फाइल संकेतस्थळावर चढवली जाते. तारीख, वेळ, वक्त्यांचे नाव हे सगळे चित्रात अडकते. अशा वेळी सर्व तपशील चित्राखाली साध्या मजकुरात लिहावा आणि पर्यायी मजकुरात केवळ ‘व्याख्यानाचा फलक, तपशील खाली’ एवढे म्हणावे. सूचना बनवणाऱ्याकडून चित्राबरोबर मजकूरही मागून घेण्याचा नियम केला की हे काम दोन मिनिटांचे होते.

८. माउस बाजूला ठेवा

माउसची वायर काढा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, एस्केप व बाण एवढ्याच कळांनी सर्व संकेतस्थळ वापरून पाहा. आपण कोठे आहोत हे दाखवणारी कड प्रत्येक ठिकाणी दिसली पाहिजे; बरेच डिझाइनर ती ‘ओंगळ दिसते’ म्हणून काढून टाकतात, ती परत आणायला सांगावी. माउस वर नेल्यावरच उघडणारे मेनू, एकदा आत गेल्यावर बाहेर पडू न देणाऱ्या खिडक्या, आणि साध्या ‘डिव्ह’ टॅगला रंग देऊन बनवलेली खोटी बटणे हे येथे सापडणारे नेहमीचे दोष आहेत. खऱ्या ‘बटन’ टॅगने केलेले बटण कीबोर्डला आपोआप प्रतिसाद देते आणि स्क्रीन रीडरलाही ते बटण असल्याचे कळते.

सरकत्या सूचनांची पट्टी आणि आपोआप फिरणारी चित्रे हे मराठी संकेतस्थळांचे जुने प्रेम आहे. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलणारी व इतर मजकुराबरोबर दिसणारी कोणतीही गोष्ट थांबवण्याची सोय मानकानुसार असावी लागते. माझे मत विचाराल तर थांबवण्याचे बटण देण्यापेक्षा ती पट्टीच काढून ताज्या सूचनांची साधी यादी द्यावी.

९. अर्ज आणि पैसे

माहिती वाचता येत नसेल तर दृष्टिहीन व्यक्ती कोणाला तरी विचारू शकते. पण अर्ज भरता येत नसेल तर आपला पत्ता, मोबाइल क्रमांक आणि कधी कधी पासवर्डही दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. म्हणून अर्जावर सर्वाधिक कष्ट घ्यावेत.

प्रत्येक चौकटीला नाव हवे, आणि ते ‘लेबल’ टॅगने त्या चौकटीशी जोडलेले हवे. जोडणी नसेल तर स्क्रीन रीडर ‘एडिट, ब्लँक’ एवढेच म्हणतो. याची चाचणी सोपी आहे: ‘संपूर्ण नाव’ या शब्दांवर क्लिक करा, कर्सर चौकटीत गेला तर जोडणी आहे. चौकटीच्या आतच फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना नावाची जागा घेऊ शकत नाही, कारण टंकायला सुरुवात करताच ती नाहीशी होते. ‘मासिक’ व ‘वार्षिक’ अशा गोल पर्यायांना मिळून एक प्रश्न असतो, तो ‘फील्डसेट’ आणि ‘लेजंड’ या टॅगांनी सांगावा लागतो, नाहीतर मासिक काय आणि वार्षिक काय हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

चूक झाल्यास चौकट लाल करून थांबू नये. ‘मोबाइल क्रमांक १० अंकी हवा’ असे शब्दांत सांगावे, कर्सर त्या चौकटीवर न्यावा आणि आधी भरलेली माहिती पुसू नये. अर्ज यशस्वी झाल्यावर वर हिरवी पट्टी येते, पण स्क्रीन रीडर गप्प राहतो. त्या पट्टीला कोडमध्ये ‘स्टेटस’ ही भूमिका (‘रोल’ हा गुणधर्म) दिली की संदेश आपोआप वाचला जातो. हा बदल एका ओळीचा आहे, आणि तो नसल्यामुळे तोच अर्ज दोन-तीनदा भरला जातो.

वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारे कॅप्चा शक्यतो काढून टाकावेत. यांत्रिक अर्ज रोखण्यासाठी लपवलेल्या चौकटीची युक्ती (माणसाला न दिसणारी ही चौकट यंत्र भरते आणि पकडले जाते) लहान संकेतस्थळाला बहुधा पुरते, पण ती चौकट स्क्रीन रीडरपासूनही लपलेली आहे ना, हे ऐकून पाहावे. नाहीतर दृष्टिहीन व्यक्ती ती प्रामाणिकपणे भरते आणि तिचाच अर्ज नाकारला जातो. ओटीपीसाठी वेळ पुरेसा द्यावा, पुन्हा पाठवण्याची सोय ठेवावी आणि चौकटीत पेस्ट करण्यास मज्जाव करू नये.

वर्गणीसाठी केवळ क्यूआर कोडचे चित्र लावणे हा आणखी एक अडथळा आहे. त्याखाली यूपीआय आयडी मजकुरात लिहावा. ज्या पेमेंट गेटवेच्या पानावर आपले नियंत्रण नसते ते निवडण्यापूर्वीच टॉकबॅक लावून एक रुपयाचा व्यवहार करून पाहावा.

दरांचे आणि वेळांचे तक्ते करताना पहिल्या ओळीतील रकान्यांची नावे शीर्ष-पेशी (हेडर सेल) म्हणून नोंदवावीत आणि पेशी, म्हणजे तक्त्यातील चौकोन, एकत्र जोडणे टाळावे.

१०. ज्यांना थोडे दिसते त्यांच्यासाठी

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ५० लाख लोकांची नोंद दृष्टीविषयक दिव्यांगत्वाखाली झाली, आणि त्यांतील सगळेच स्क्रीन रीडर वापरतात असे नाही. अधिनियमानुसार चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यानंतरही ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असल्यास ती अल्पदृष्टी होय. असे वाचक अक्षरे मोठी करून वाचतात.

सामान्य आकाराच्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५ ला १ असावी, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ चालते. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे ही आपल्या संस्थांची आवडती रंगसंगती. लाल २५५, हिरवा १५३ आणि निळा ५१ या मूल्यांच्या केशरी रंगावर पांढऱ्या अक्षरांची तफावत मोजली तर जेमतेम २.१ भरते. त्याच पट्टीवर अक्षरे काळी केली की ती ९.८ होते. रंग सोडावा लागत नाही, फक्त अक्षरे बदलावी लागतात.

ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून पान आधी २०० टक्के आणि मग ४०० टक्के मोठे करा. काहीही कापले जाऊ नये आणि मजकूर वाचण्यासाठी आडवे सरकावे लागू नये. देवनागरीत ओळींची उंची ठरावीक ठेवली असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जातात, म्हणून ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी असावी. अक्षरांमधील अंतर वाढवण्याचा इंग्रजीतील सल्ला मात्र आंधळेपणाने स्वीकारू नये. त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे दिसतात.

मोठे केलेल्या पानाचा एक लहानसा कोपराच वाचकाच्या नजरेत असतो. त्यामुळे अर्ज डावीकडे आणि ‘पाठवा’ हे बटण पार उजव्या टोकाला, अशी मांडणी केल्यास ते बटण त्याला सापडत नाही. पानाच्या डोक्यावर अक्षरे लहान-मोठी करणारी तीन बटणे लावण्याची प्रथा आहे. त्यांनी नुकसान होत नाही, पण ब्राउझरची सोय नीट चालत असेल तर त्यांची गरजही उरत नाही.

११. एका ओळीत सुगमता देणारी विजेट्स विकत घेऊ नका

काम सुरू झाल्याचे कळताच विक्रेत्यांचे फोन येऊ लागतात: कोडची एक ओळ टाका, कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह दिसेल आणि संकेतस्थळ आपोआप मानकात बसेल. असे होत नाही. लेबल नसलेल्या चौकटीचे नाव काय, चित्रातील सूचनेत काय लिहिले आहे किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर कोणता, हे त्या ओळीला खात्रीने कळणे शक्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असा दावा करणाऱ्या एका कंपनीला १० लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला होता.

लाइटहाउसचे १०० गुणही याच सावधगिरीने घ्यावेत. यंत्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढे कळते, तो बरोबर आहे की नाही हे कळत नाही.

१२. दृष्टिहीन वापरकर्त्यांकडून तपासून घ्या

वरील दुरुस्त्या झाल्यावरच ही पायरी घ्यावी. आपल्यालाच सापडू शकणारे दोष मोजून घेण्यासाठी कोणाचा वेळ घेणे योग्य नव्हे. आपल्या सभासदांत कोणी नसेल तर मुंबईतील नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड किंवा सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र, अथवा आपल्या जिल्ह्यातील अंधशाळा यांच्याकडे विचारणा करावी. किमान एक व्यक्ती संगणकावर आणि एक फोनवर तपासणारी असावी, आणि त्यांना मानधन द्यावे. हे कौशल्याचे काम आहे.

‘कसे वाटले?’ असे विचारण्याऐवजी कामे द्यावीत: रविवारी वाचनालय किती वाजता बंद होते ते शोधा, सभासदत्वाचा अर्ज भरा, गेल्या वर्षीच्या अहवालातील अध्यक्षांचे नाव सांगा. शेजारी बसून गप्प राहावे. ‘वर उजवीकडे आहे बघा’ असे शब्द तोंडातून निघाले की चाचणी संपली, आणि तसेही ‘वर उजवीकडे’ या शब्दांना तेथे काही अर्थ नसतो. व्यक्ती कोठे अडली, मागे कोठे फिरली आणि काय ऐकून तिने चुकीचा अंदाज बांधला याची नोंद करावी. दोन व्यक्तींचा अभिप्राय परस्परविरोधी आला तर गोंधळू नये. सवयी वेगळ्या असतात, अशा वेळी मानकाचा निकष पाहावा.

१३. निवेदन आणि देखभाल

संकेतस्थळाच्या तळाशी सुगमतेविषयीचे एक छोटे पान असावे. कोणत्या मानकानुसार काम केले, शेवटची तपासणी कधी झाली, कोणते दोष अजून शिल्लक आहेत आणि अडचण आल्यास कोणत्या दूरध्वनीवर व ईमेलवर कळवावे, एवढे त्यात पुरे. ‘आमचे संकेतस्थळ पूर्णतः सुगम आहे’ असे वाक्य लिहू नये. शिल्लक दोषांची यादी वाचणाऱ्याच्या अधिक कामाची असते.

सुगम झालेले संकेतस्थळ बिघडते ते नव्या मजकुराने. म्हणून सूचना चढवणाऱ्या व्यक्तीच्या टेबलावर एका पानाचे टिपण ठेवावे: मजकूर युनिकोडमध्ये, शीर्षक हेडिंगने, चित्राला पर्यायी मजकूर, फलकाखाली तपशील, दुव्याला अर्थपूर्ण नाव. ती व्यक्ती बदलली तर टिपणाबरोबर अर्धा तास एनव्हीडीएही दाखवावे. दर तीन महिन्यांनी मुखपृष्ठ, अर्ज आणि सर्वांत नवी सूचना ही तीन पाने ऐकून पाहावीत. संकेतस्थळ नव्याने बनवून घेण्याची वेळ आली, तर २.२ आवृत्तीचा डबल ए स्तर आणि दृष्टिहीन व्यक्तीकडून तपासणी या दोन अटी करारात लिहाव्यात आणि शेवटचा हप्ता त्या तपासणीनंतरच द्यावा.